सीपीयू बदलण्याआधी

राळेगावात कॉम्प्युटर बंद पडला की माणूस दुकानात जाऊन एकच वाक्य बोलतो, "भाऊ, सीपीयू गेला." यवतमाळात आणि वर्ध्यातही हेच बोलतात. टेबलाखालचा अख्खा पत्र्याचा डबा म्हणजे सीपीयू, असं आपण धरून चाललो आहोत. खरा सीपीयू (प्रोसेसर) म्हणजे त्या डब्यात मदरबोर्डवर बसवलेली, माचिसच्या पेटीएवढी चौकोनी चिप. सगळ्या भागांत कमीत कमी वेळा बिघडणारा भाग तोच. पण नाव डब्याला चिकटल्यामुळे एक भाग थकला की सगळा डबा थकला असं वाटतं, आणि घरात किंवा दुकानात नवा डबा येतो. जुन्याचं बिघडलेलं काय होतं, हे बहुतेकदा कुणी पाहिलेलंच नसतं.

राळेगाव हे तालुक्याचं गाव. तहसील, पंचायत समिती, बाजार समिती, जिनिंग, कृषी केंद्रं, शाळा-कॉलेज आणि या सगळ्यांच्या आधाराने चालणारी सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, फोटो स्टुडिओ. जून उजाडला की दाखल्यांची गर्दी होते. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमिलेअर. त्यात खरिपाची धावपळ. वडकीकडून किंवा खैरीकडून आलेला माणूस रोजी पाडून रांगेत उभा असतो आणि आत टेबलावरचं यंत्र एक पान उघडायला दोन मिनिटं घेत असतं. त्या दोन मिनिटांची किंमत केंद्रचालकापेक्षा रांगेतला माणूस जास्त मोजतो. म्हणून कॉम्प्युटरचा कोणता भाग बदलावा हा प्रश्न मला फक्त हौशी मुलांचा वाटत नाही.

पहिली गोष्ट, यंत्र नेमकं कशासाठी थांबतंय ते पाहायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने असतात. यंत्र अडकलेलं असतानाच ते बघायचे. जुन्या यंत्रांवर नेहमी दिसणारं चित्र असं असतं: सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत, आणि डिस्क १०० टक्क्यांवर लाल. म्हणजे चिप मोकळी बसून आहे आणि तिला लागणारी माहिती डिस्कवरून येतच नाही. अशा यंत्रात दुप्पट ताकदीचा सीपीयू घातला तर दुप्पट ताकदीचा सीपीयू मोकळा बसेल.

डिस्क एवढी मागे का पडते? जुनी हार्ड डिस्क ही फिरणारी तबकडी आहे. टेबलावरच्या यंत्रातली डिस्क सहसा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला साधारण सव्वाआठ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय सुई त्या वर्तुळापर्यंत सरकायला आठ-नऊ सहस्रांश सेकंद. हिशेब केला तर वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले तुकडे अशी डिस्क सेकंदाला शंभरही वाचू शकत नाही. विंडोज सुरू होताना तर असे हजारो लहान तुकडे वाचते. एका मोठ्या फाइलची सरळ नक्कल करायची असेल तर हीच डिस्क चांगली पळते, म्हणून दुकानातल्या कागदावरचा वेग दिसायला बरा दिसतो. रोजच्या कामात विखुरलेलं वाचनच जास्त असतं आणि तिथे तिचा दम निघतो.

तिच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. चिपमधला कोणताही तुकडा साधारण एका सहस्रांश सेकंदाच्या दहाव्या भागात हाती येतो. म्हणजे विखुरलेल्या वाचनात फरक शंभरपटीचा पडतो. २०१२-१३ च्या यंत्रातली डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवली की चार-पाच मिनिटं घेणारं यंत्र अर्ध्या-पाऊण मिनिटात उघडतं. मी जी यंत्रं उघडली त्यांत याहून मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही भागाने पडलेला पाहिला नाही. दुकानदार कधी एनव्हीएमई एसएसडीचे आकडे दाखवतो: साटा सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइट, ती साडेतीन हजार, नवी तर सात हजार. आकडे खरे आहेत. पण फॉर्म भरणे, टॅली, ब्राउझर एवढ्या कामाला दोन्हींतला फरक हाताला जाणवत नाही. एच-६१, एच-८१ अशा जुन्या मदरबोर्डवर तर तिच्यासाठी एम-डॉट-टूची खाचच नसते. खाच असली तरी ती साटा जातीची आहे की एनव्हीएमई जातीची, हे बोर्डाच्या पुस्तिकेत बघूनच घ्यावं, कारण दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या असतात.

एसएसडीचा एक धोका मात्र लक्षात ठेवायला हवा. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कटकट आवाज करते, अडखळते, सूचना देते. एसएसडी न बोलता जाते आणि तिच्यातली माहिती परत काढणं अधिक अवघड असतं. म्हणून जुनी डिस्क ठणठणीत असेल तर ती फेकू नका. बाहेरच्या डबीत घालून तिच्यावर आठवड्याला एकदा कामाची नक्कल उतरवा, आणि एरवी ती यंत्राला न जोडता कपाटात ठेवा.

यानंतर मेमरी, म्हणजे रॅम. चार जीबी रॅम असलेल्या यंत्रात आजचा ब्राउझर पाच-सहा पानं उघडली की जागा संपवतो. मग विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर ठेवायला लागते आणि डिस्क पुन्हा १०० टक्क्यांवर जाते. म्हणून दोन्ही दुखणी एकत्र दिसतात. आठ जीबीवर कार्यालयीन काम नीट चालतं, नवं यंत्र घेताना मात्र सोळा धरावं. इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला पट्टीच्या पिढीचा. डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ या पट्ट्यांच्या कडेची खाच वेगवेगळ्या जागी असते आणि एकीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसत नाही. जोर लावून बसवणाऱ्याने खोबण मोडल्याचं मी पाहिलं आहे. दुसरा खळगा दिसत नाही. कित्येक जुन्या यंत्रांवर विंडोज ३२-बिटची असते. तिला साधारण साडेतीन जीबीच्या वरची मेमरी वापरताच येत नाही. रॅम घातली, पैसे गेले, फरक शून्य, अशी तक्रार आली की आधी सिस्टिमच्या माहितीत ३२ लिहिलंय की ६४ ते बघायचं.

आणि एक अगदी लहान भाग. मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, सीआर-२०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल असतो. तो संपला की लाईन गेल्यावर यंत्र तारीख विसरतं आणि पंधरा वर्षं मागे जातं. मग बँकेची, सरकारी पोर्टलची पानं उघडत नाहीत, "तुमची जोडणी सुरक्षित नाही" असं येतं, कारण प्रत्येक संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला मुदत असते आणि यंत्राच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. लोक नेटवाल्याशी भांडतात, विंडोज नव्याने टाकतात. उपाय म्हणजे सेल बदलणे आणि घड्याळ लावणे, पाच मिनिटांचं काम.

जुनं यंत्र एवढ्यावर चालतं हे कुणाला पटत नाही, कारण अपग्रेड म्हटलं की आपल्या मनात १९९० चं दशक असतं. तेव्हा ४८६ घेतला की १९९३ ला पेंटियम आला आणि सगळं जुनं झालं. त्याच काळात पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचं जिस्ट कार्ड होतं. डॉसवर चालणाऱ्या यंत्राच्या खाचेत ते बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. सी-डॅकचे पहिले प्रमुख विजय भटकर आपल्या वऱ्हाडातले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. त्या कार्डाने यंत्राला आधी अजिबात न येणारी गोष्ट यायला लागायची. अपग्रेड या शब्दाचा तो खरा दरारा होता. २०१० नंतर एकेका कोअरचा वेग तशा उड्या मारत वाढला नाही, कोअरची संख्या वाढली. दाखल्याच्या कामाला आठ कोअर लागत नाहीत. म्हणून २०१३ चा प्रोसेसर, सोबत एसएसडी आणि आठ जीबी, हे त्रिकूट आजही जड जात नाही.

तरीही एक भिंत आडवी आली आहे, आणि ती वेगाची नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास सुरक्षेची डागडुजी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझनच्या २००० मालिकेचा, किंवा त्यापुढचा. आठवी पिढी आली २०१७ ला. त्याआधीचं यंत्र कितीही बरं चालत असलं तरी अधिकृतपणे दाराबाहेर राहतं. काही यंत्रं उगीचच बाहेर राहतात: प्रोसेसर पात्र असतो, पण बायोसमध्ये टीपीएम बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडतं. ते चालू केलं की काम होतं.

अपात्र यंत्रावर विंडोज ११ चढवण्याच्या आडवाटा आहेत, दुकानात करूनही देतात. घरी पोराच्या अभ्यासाला करा. पण ज्या यंत्रात लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती, सही-शिक्क्याचे कागद जातात त्याला मी ही वाट सुचवणार नाही. पुढची सुरक्षा-दुरुस्ती त्याला मिळेलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही, आणि नुकसान झालं तर ते रांगेतल्या माणसाचं होतं. लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची बॉस ही फुकट प्रणाली जुन्या यंत्राला नवं आयुष्य देते. टायपिंग, नेट, व्हिडिओ, कोडिंग शिकणं यासाठी ती मनापासून सुचवतो. फक्त अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचा डोंगल आणि स्कॅनर यांचे ड्रायव्हर तिच्यावर मिळतात का, हे आधी तपासावं. बऱ्याचदा ते फक्त विंडोजसाठीच असतात.

म्हणजे सेवा केंद्राला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचं यंत्र घ्यावं लागणार. इथे कार्यालयांतून निघालेली जुनी यंत्रं स्वस्तात मिळतात आणि सगळ्यात मोठी फसगतही तिथेच होते. "आय-सेव्हन आहे" असं सांगितलं जातं. कोणत्या पिढीचा, ते सांगितलं जात नाही. २०११ चा आय-सेव्हन-२६०० हा २०२२ च्या आय-थ्री-१२१०० पुढे स्पष्ट हरतो, वर वीजही जास्त खातो. क्रमांक वाचायला शिका: चार आकडी असेल तर पहिला आकडा पिढी, पाच आकडी असेल तर पहिले दोन. ३४७० म्हणजे तिसरी, ८१०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. शेवटी एफ असेल तर आतला ग्राफिक्स बंद आहे. वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयीन डब्यांत आणखी एक अडचण असते. वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसची पिन त्यांची स्वतःची असते, बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. तो जळाला तर नागपूर-मुंबईहून मागवेपर्यंत यंत्र बंद. एक गोष्ट कागदावर बरोबर दिसते आणि तरी चुकते, तीही सांगतो. सातव्या पिढीच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, कारण दोघांचंही सॉकेट एलजीए-११५१ आहे, पण चालत नाही. इंटेलने आठव्या पिढीसाठी बोर्ड वेगळा ठरवला.

नवं जुळवताना माझं मत साधं आहे. आत ग्राफिक्स असलेला, बाराव्या किंवा पुढच्या पिढीचा आय-थ्री, किंवा जी अक्षराचा रायझन, एवढं कार्यालयाला पुरतं. वाचलेले पैसे एसएमपीएस आणि यूपीएसकडे वळवा. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी बनवण्याकडे कारखाने वळले. अशा वेळी जुन्या यंत्रातली चांगली डीडीआर-४ पट्टी सोन्यासारखी जपा. एच-६१० चे बोर्ड डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन्ही प्रकारांत येतात. पहिला घेतला तर तीच पट्टी कामी येते. बिल पक्कं घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर तीन वर्षांची वॉरंटी दुकानाच्या पायरीवरच संपते.

आता विजेकडे वळतो. राळेगावसारख्या गावात यंत्रं खरी मरतात ती विजेने.

लाईन गेली, इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहिला, दिवा चालू राहिला, पण कॉम्प्युटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू झाला. हा अनुभव घरोघरी आहे. आपल्या विजेची एक लाट वीस सहस्रांश सेकंदांची असते. एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर पूर्ण भारावर साधारण सोळा सहस्रांश सेकंद यंत्राला तग धरून देतो. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये लाईनवरून बॅटरीवर यायला वीस-चाळीस सहस्रांश घेतो. पंख्याला ते कळतही नाही, यंत्र मात्र मध्येच उघडं पडतं. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, त्यावर यूपीएस लिहिलेलं असतं. तो तिकडे केला की बदल दहाएक सहस्रांशात होतो आणि यंत्र चालू राहतं. यात एक तोटा आहे: त्या मोडमध्ये व्होल्टेज जरा खाली गेलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. संध्याकाळी ज्यांच्याकडे व्होल्टेज १७०-१८० वर येतं त्यांची बॅटरी सारखी वापरात राहते. त्यांनी कॉम्प्युटरला वेगळा, व्होल्टेज सावरणारा यूपीएस घेतलेला बरा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. चौकोनी लहरीवर काही चांगले एसएमपीएस नीट चालत नाहीत.

छोट्या ६०० व्हीए यूपीएसकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. यंत्र आणि पडदा मिळून १०० वॅट धरले आणि वाटेतली गळती वजा केली तर नवी असताना वीसेक मिनिटं मिळतात. काम जतन करून नीट बंद करायला ती आहेत. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. आतला रोलर तापवायला तो कित्येकशे वॅट एकदम ओढतो आणि त्या झटक्याने यूपीएस बसतो. बॅटरी उन्हाळ्यात लवकर जाते हेही खरं आहे. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मं होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ती काय भोगते, याचा अंदाज यावरून करा.

यापेक्षाही दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अर्थिंग. डब्याला उघडा हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर दिवा लागतो, आणि लोक म्हणतात, "थोडा करंट येतोच जी." तो का येतो ते समजून घ्या. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे एकशे पंधरा व्होल्टच्या आसपास तरंगतो. प्रवाह इतका कमी असतो की माणसाला फक्त झिणझिण्या येतात. पण प्रिंटर एका प्लगवर, यंत्र दुसऱ्यावर आणि आपण चालू असतानाच यूएसबी केबल जोडली, की तो फरक त्या बारीक तारेतून वाहायला बघतो. यूएसबी पोर्ट जळणं, अंगठ्याचं यंत्र सारखं "ओळखता येत नाही" म्हणणं, यामागे पुष्कळदा हेच असतं. मदरबोर्ड बदलून हे दुखणं जात नाही.

खड्डा खणून कोळसा-मीठ घातलेलं अर्थिंग ज्यांच्याकडे आहे त्यांनीही निश्चिंत राहू नये. आपली जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओल गेली की मातीचा विरोध वाढतो, भेग पडली की सळईभोवतीची मातीच सुटते. पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग वैशाखात नावालाच उरतं. वायरमनला मीटर लावायला सांगा. फेज ते न्यूट्रल जेवढं व्होल्टेज, जवळपास तेवढंच फेज ते अर्थ दिसलं पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर नको.

रोहिणी-मृगातल्या विजांबद्दल एवढंच: गडगडाट ऐकू आला की बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. तांब्याच्या तारेने येणारी नेटची केबलही काढा. लॅन पोर्ट जळलेले बोर्ड पहिल्या वळवानंतर दुकानांत रांगेने येतात. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण त्या राउटरचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगलाच जोडलेला असतो.

उष्णतेची खूण ओळखायला सोपी आहे. सकाळी बरं चालणारं यंत्र दुपारी दोनला संथ झालं, तर ते तापतंय. प्रोसेसर साधारण १०० अंशांपर्यंत जाऊ लागला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्याचं तापमान खोलीच्या तापमानावर चढत जातं. २५ अंशांच्या खोलीत ७५ वर राहणारा प्रोसेसर नवतपातल्या ४३ अंशांच्या खोलीत त्याच कामाला त्र्याण्णववर पोचतो. त्यात आपल्याकडे कापूस. जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारे रुईचे तंतू पंख्याने आत ओढले जातात आणि पंखा व हीटसिंकच्या मध्ये नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, हवा मात्र पुढे जात नाही. उलंगवाडी झाली की एकदा डबा उघडून तो थर काढायचा, हा आपल्या भागाचा वार्षिक नेम असायला हवा. प्लग काढून, डबा अंगणात नेऊन ब्लोअर मारा, पण पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सुटलेला पंखा ब्लोअरच्या जोराने बेफाम फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. दोन-तीन वर्षांनी हीटसिंक काढून जुनी पेस्ट पुसा आणि तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. आणि कूलरच्या थेट झोतात डबा ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांतून उडणारे बारीक थेंब आपल्या क्षारयुक्त पाण्याचे असतात, ते बोर्डावर वाळतात आणि पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखे तांबे खातात.

काही ठिकाणी मात्र हा सगळा सल्ला बाजूला ठेवावा लागतो. कापसाच्या गाड्या मोजणाऱ्या वजनकाट्यावरचं जुनं यंत्र पाहून कुणालाही ते बदलावंसं वाटतं. पण काट्याचा इंडिकेटर बऱ्याचदा जुन्या सिरियल पोर्टने जोडलेला असतो आणि पावती डॉट-मॅट्रिक्स प्रिंटरवर निघते. नव्या बोर्डाच्या पाठीवर असे पोर्ट सहसा नसतात. ऐन हंगामात नवं यंत्र आणून काटा बंद पडला तर बैलगाड्या आणि मेटाडोर रस्त्यापर्यंत थांबतील. तिथे एसएसडी आणि सेल बदला, पोर्टला हात लावू नका. बदलायचंच असेल तर कॉम (सिरियल) पोर्ट असलेला बोर्ड शोधा आणि हंगाम संपल्यावर बदला. लग्नाचे व्हिडिओ जुळवणाऱ्या स्टुडिओचं गणित उलटं आहे. तिथे १६-३२ जीबी मेमरी, एनव्हीएमई आणि ग्राफिक्स कार्ड हे सगळं खरोखर उपयोगी पडतं. कार्डाला बजेट नसेल तर एफ नसलेला इंटेल घ्या. त्याच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक व्हिडिओ तयार करण्याचं काम कितीतरी हलकं करतं.

पडद्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. जुन्या साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर मराठी वाचणं डोळ्यांना कष्टाचं आहे. इंग्रजी अक्षर थोड्या ठिपक्यांत ओळखू येतं. आपल्या जोडाक्षराला, रफाराला, ऱ्हस्व-दीर्घ उकाराला जास्त ठिपके लागतात. दाखल्यावर नावातला रफार सुटला किंवा उकार चुकला तर दुरुस्तीसाठी माणसाला तालुक्याला दोन चकरा पडतात. १९२० बाय १०८० चा बावीस-चोवीस इंची आयपीएस पडदा हा मला प्रोसेसरपेक्षा आधीचा खर्च वाटतो. तो दहा वर्षं टिकतो आणि पुढच्या दोन यंत्रांनाही चालतो.

यंदा नवा डबा घ्यायचं ठरवलं असेल तर घ्या. पण तो आणण्याच्या आदल्या दिवशी वायरमनला बोलावून न्यूट्रल ते अर्थ मोजून घ्या, आणि उन्हाळा असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता.